वापरसुलभतेवरचे संशोधन खरोखर ओसरले आहे, की ते दुसरीकडे छापून येऊ लागले आहे?

शोधयात्री

वापरसुलभता, म्हणजे ज्याला आपण एरवी युजेबिलिटी म्हणतो, या विषयावरचे संशोधन आता मागे पडत चालले आहे, असे विधान हल्ली वारंवार वाचनात येते. पुरावा म्हणून बहुधा एवढेच दाखवले जाते की, मानव-संगणक आंतरक्रियेच्या, म्हणजे माणसे संगणक कसा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या क्षेत्राच्या, अग्रगण्य परिषदांमधील शोधनिबंधांच्या शीर्षकांत हा शब्द पूर्वीइतका आढळत नाही. मला हे अनुमान अपुरे वाटते. संशोधन आटलेले नाही. त्याचे छापून येण्याचे ठिकाण बदलले आहे, आणि या स्थलांतरात निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहण्याची शिस्त मागे राहिली आहे. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अधिक गंभीर वाटते, म्हणून हा चर्चेचा धागा.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. इंटरनॅशनल जर्नल ऑफ मॅन-मशीन स्टडीज हे नियतकालिक 1969 मध्ये सुरू झाले (1994 मध्ये त्याच्या नावातील ‘मॅन-मशीन’ जाऊन तेथे ‘ह्यूमन-कॉम्प्युटर’ आले). मार्च 1982 मध्ये मेरिलंडमधील गेदर्सबर्ग येथे संगणक प्रणालींतील मानवी घटकांवर परिषद झाली आणि तिच्या पाठोपाठ 1983 मध्ये बोस्टन येथे पहिली सीएचआय परिषद (या क्षेत्राची प्रमुख वार्षिक परिषद) भरली. त्या काळातील शोधनिबंध वाचले की त्यांतील एकाग्रता जाणवते. मजकूर-संपादक शिकायला किती वेळ लागतो, आज्ञावलीतील शब्द बदलल्यास चुका कमी होतात का, मेन्यूची रचना कशी असावी, असे नेमके प्रश्न त्यांत असत. 1985 मध्ये गुल्ड आणि लुईस यांनी वापरकर्त्यांकडे सुरुवातीपासून लक्ष देणे, प्रत्यक्ष मोजमाप करणे आणि आराखडा पुन्हा पुन्हा सुधारणे ही तीन तत्त्वे मांडली, आणि पुढची जवळजवळ पंधरा वर्षे या क्षेत्रातील लेखन त्यांच्याच भोवती फिरत राहिले.

1990 च्या दशकात लेखनाचा भर उत्पादनांवरून पद्धतींवर सरकला. नील्सन आणि मोलिश यांनी 1990 मध्ये तज्ज्ञांकरवी ठरावीक तत्त्वांच्या आधारे करायच्या मूल्यमापनाची पद्धत मांडली, आणि मग तज्ज्ञांची पाहणी बरी की वापरकर्त्यांची चाचणी बरी, यावर तुलनात्मक निबंधांची रीघ लागली. त्या सर्व तुलनांची अत्यंत कठोर चिकित्सा ग्रे आणि सॉल्झमन यांनी 1998 मध्ये केली आणि त्यांतील बहुतेक प्रयोगांची रचनाच निष्कर्षांना आधार देऊ शकत नाही, हे दाखवले. त्याच वर्षी आयएसओ 9241-11 हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि वापरसुलभता मोजण्यासाठी परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान ही त्रयी सर्वमान्य झाली.

माझ्या समजुतीप्रमाणे येथून वाट फुटते. 2006 मध्ये हासेनझाल आणि ट्रॅक्टिन्स्की यांनी ‘वापरकर्त्याचा अनुभव’ (युजर एक्सपिरियन्स) या विषयाची संशोधनदिशा मांडल्यानंतर परिषदांमधील तरुण संशोधक तिकडे वळले. 2008 मध्ये ग्रीनबर्ग आणि बक्स्टन यांनी सीएचआयमध्येच असे मांडले की, कल्पना अजून कोवळी असताना तिच्यावर वापरसुलभतेची चाचणी लादणे काही वेळा घातक ठरते. त्यानंतर केवळ ‘अमुक प्रणालीची चाचणी घेतली आणि इतक्या अडचणी सापडल्या’ एवढे सांगणाऱ्या निबंधाला तेथे स्थान मिळणे कठीण झाले. असे निबंध मग आरोग्य, शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, शासकीय सेवा, वाहन-अभियांत्रिकी अशा विषयांच्या नियतकालिकांत जाऊ लागले. आपली निरीक्षणे, विशेषतः याच्या विरुद्ध जाणारी, मला हवी आहेत.

मोजपट्टी

मांडणी पटण्याजोगी आहे, परंतु ती सिद्ध करायची असेल तर मोजणी कशी करायची हे आधी ठरवावे लागेल, कारण या विषयात मोजणीच फसवी आहे.

पहिली अडचण भाजकाची आहे. ‘युजेबिलिटी’ हा शब्द असलेल्या निबंधांची दरवर्षीची संख्या एखाद्या डेटाबेसमधून काढली तर आलेख वर जाताना दिसतो, पण त्या काळात एकूण निबंधांची संख्याही वाढलेली असते. एकट्या सीएचआय परिषदेकडे 2024 आणि 2025 मध्ये दरवर्षी चार-पाच हजारांच्या घरात निबंध आले. म्हणून संख्या नव्हे, प्रमाण पाहायला हवे. दुसरी अडचण अशी की, या क्षेत्रात परिषदांच्या कार्यवृत्तांना, म्हणजे तेथे सादर झालेल्या निबंधांच्या संग्रहांना, नियतकालिकांइतकाच मान आहे, परंतु सर्व डेटाबेस कार्यवृत्तांची नोंद सारख्याच रीतीने घेत नाहीत. त्यातच 2017 पासून एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने काही परिषदांचे निबंध नियतकालिकाच्या स्वरूपात प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, त्यामुळे ‘परिषदेतील निबंध घटले, नियतकालिकांतील वाढले’ असे जे चित्र दिसते, त्याचा काही भाग हा केवळ नोंदीच्या प्रकारातील बदल आहे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. सारांशाच्या शेवटच्या ओळीत ‘प्रणालीची वापरसुलभताही तपासण्यात आली’ असे लिहिलेला निबंध वापरसुलभतेवरचा मानायचा का? असे निबंध अक्षरशः ढिगाने आहेत. उलट, स्पर्शपडद्यावरील बटणांचा आकार आणि चुका यांवरचा निबंध पूर्णपणे याच विषयाचा असूनही त्यात हा शब्द एकदाही येत नसेल. 2014 मध्ये सीएचआयच्या 1994 ते 2013 या दोन दशकांतील निबंधांच्या कीवर्डचे सहशब्द-विश्लेषण (कोणते शब्द एकत्र येतात याची पाहणी) प्रसिद्ध झाले होते, आणि त्यावरून कोस्ताकोस यांनी पुढच्या वर्षी असा निष्कर्ष काढला की, या क्षेत्रात दीर्घकाळ टिकून इतर विषयांना पुढे नेणारे मध्यवर्ती विषयच दिसत नाहीत. तो निष्कर्ष वादग्रस्त आहे, पण कीवर्डवरून काय दिसते आणि काय सुटते, याचा तो चांगला नमुना आहे.

उद्धरणांवरही, म्हणजे एखाद्या निबंधाचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला यावरही, फार विसंबू नये, अशी विनंती. बार्टनेक आणि हू यांनी 2009 मध्ये सीएचआयच्या कार्यवृत्तांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वोत्कृष्ट म्हणून गौरवलेले निबंध यादृच्छिकपणे निवडलेल्या निबंधांपेक्षा जास्त उद्धृत झाल्याचे दिसले नाही.

निबंधपरीक्षक

मी आरोग्यविषयक नियतकालिकांकडे येणारे निबंध तपासते, त्यामुळे स्थलांतराबद्दल शोधयात्री यांनी जे लिहिले आहे ते मला रोज दिसते. त्यामागचे एक कारण मात्र त्यांच्या मांडणीत आलेले नाही, ते म्हणजे नियमन. वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेसाठी आयईसी 62366 हे मानक 2007 मध्ये आले. अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने 2016 मध्ये अंतिम केलेल्या मार्गदर्शिकेत प्रमाणीकरण-चाचणीसाठी प्रत्येक वेगळ्या वापरकर्ता-गटातून किमान 15 सहभागी असावेत, असे सुचवले. इन्शुलिनच्या पेनावरील आकडा चुकीचा वाचला गेला तर त्याचा परिणाम रुग्णाच्या शरीरावर होतो, म्हणून येथे हा विषय कधी जुना झालाच नाही. जेएमआयआर ह्यूमन फॅक्टर्स हे स्वतंत्र नियतकालिक 2014 मध्ये निघाले, यावरूनही मागणीची कल्पना येते.

परंतु शोधयात्री ज्या शिस्तीबद्दल बोलत आहेत, तिची अवस्था मला व्यथित करते. माझ्याकडे येणाऱ्या निबंधांचा एक ठरीव साचा झाला आहे. रुग्णांसाठी ॲप तयार केले, बारा जणांना दिले, तीन कामे करायला सांगितली, शेवटी एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभतेची प्रश्नावली भरून घेतली, सरासरी गुण 76 आले, 68 ही सर्वसाधारण सरासरी मानली जाते, म्हणून ॲप वापरण्यास सुलभ आहे.

हा निष्कर्ष किती तकलादू आहे ते पाहा. एसयूएस ही दहा विधानांची प्रश्नावली जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये तयार केली आणि 1996 मध्ये प्रसिद्ध केली. विषम क्रमांकाच्या विधानांच्या उत्तरातून 1 वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानांचे उत्तर 5 मधून वजा करायचे, बेरीज करून 2.5 ने गुणायचे, की शून्य ते शंभर यांमधील गुण मिळतात. एखाद्याने दहाही ठिकाणी मधला पर्याय निवडला तर 50 गुण येतात. हे टक्के नव्हेत, हे अनेक लेखकांना ठाऊक नसते. आता बारा सहभागी, सरासरी 76 आणि प्रमाण विचलन (गुणांचा विखुरलेपणा) 15 असे धरले, तर 95 टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरी सरासरी ज्यात असावी असा पट्टा, साधारण 66 ते 86 येते. म्हणजे खरी सरासरी 68 च्या खाली असण्याची शक्यताही या आकड्यांवरून नाकारता येत नाही. बहुसंख्य हस्तलिखितांत ही मर्यादा दिलेलीच नसते. मी ती मागते, तेव्हा लेखक पूर्वी छापून आलेल्या तशाच निबंधांकडे बोट दाखवतात.

त्याहूनही खटकणारी बाब अशी की, चाचणीत नेमके काय अडले हे निबंधात येतच नाही. एखादा वृद्ध रुग्ण औषधाची वेळ बदलताना तीनदा मागे फिरला, कारण ‘जतन करा’ हे बटण कळफलकाखाली झाकले जात होते, यासारखी नोंद पुढच्या ॲपकर्त्याला किती उपयोगी पडेल! ती पुरवणीतही नसते, राहतो फक्त 76 हा आकडा.

नवअभ्यासक

आपण सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचत आहे. एक शंका विचारतो. आमच्या अभ्यासक्रमात चाचणीसाठी पाच सहभागी पुरतात असे शिकवले गेले, मग बारा सहभागींना अपुरे का म्हणायचे?

मोजपट्टी

नवअभ्यासक, शंका योग्य आहे, आणि या एका आकड्याने प्रकाशित साहित्यावर जितका परिणाम केला तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. व्हिर्झी यांनी 1992 मध्ये चार ते पाच सहभागींत सुमारे 80 टक्के अडचणी सापडतात असे मांडले, आणि नील्सन व लँडॉअर यांनी 1993 मध्ये त्याला गणिती रूप दिले. एखादी अडचण एका सहभागीकडून उघड होण्याची सरासरी शक्यता 31 टक्के धरली, तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे 84 टक्के येते. पण हीच शक्यता 10 टक्के धरा, म्हणजे पाच जणांत ती केवळ 41 टक्के उरते. गुंतागुंतीच्या संकेतस्थळांवर असेच घडते, असे स्पूल आणि श्रोडर यांनी 2001 मध्ये दाखवले.

मुख्य म्हणजे हे गणित अडचणी शोधून त्या दुरुस्त करण्यासाठी होते, सरासरी गुण मोजून ‘सुलभ आहे’ असा निवाडा देण्यासाठी नव्हते. पाच जणांची चाचणी घ्या, दुरुस्त करा, पुन्हा पाच जणांची घ्या, असा त्याचा मूळ आशय होता. प्रकाशित निबंधांत त्यातले ‘पुन्हा’ गळून पडले. केली केन यांनी 2014 च्या सीएचआय निबंधांतील नमुना-आकार तपासून 2016 मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात सर्वाधिक वेळा आढळलेला आकडा 12 होता. त्यानंतर तो अभ्यास उद्धृत करून ‘बारा हा या क्षेत्रातील प्रघात आहे’ असे समर्थन देता येऊ लागले. प्रघात काय आहे याचे वर्णन अशा रीतीने शिफारस बनून बसते.

प्रत्यक्ष_चाचणी

मी उद्योगात चाचण्या घेण्याचे काम करतो, त्यामुळे प्रकाशनाबाहेर काय राहते हे सांगू शकतो. वापरसुलभतेच्या चाचण्यांचा फार मोठा भाग कंपन्यांच्या आत होतो आणि त्यांचे अहवाल गोपनीय असतात. ही दरी भरून काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न म्हणून या क्षेत्रातील व्यावसायिकांच्या संघटनेने 2005 मध्ये जर्नल ऑफ युजेबिलिटी स्टडीज सुरू केले. त्या नियतकालिकाने सराव करणाऱ्यांना उपयोगी पडतील असे अनेक निबंध दिले, उदाहरणार्थ एसयूएसच्या गुणांना ‘चांगले’, ‘उत्कृष्ट’ यांसारखी विशेषणे कशी जोडावीत यावरचे बँगर आणि सहकाऱ्यांचे 2009 मधील काम. पुढे संघटनेचे आणि नियतकालिकाचेही नाव ‘युजर एक्सपिरियन्स’कडे झुकले, तेव्हा शब्द शोधून मोजणी करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

शोधयात्री यांच्या तुलनेच्या मुद्द्याला माझ्याकडून एक भर. रॉल्फ मोलिश यांनी तुलनात्मक मूल्यमापनांची जी मालिका चालवली, तिच्या दुसऱ्या फेरीत नऊ चमूंनी हॉटमेल या एकाच संकेतस्थळाची स्वतंत्रपणे तपासणी केली. एकूण 310 वेगवेगळ्या अडचणी नोंदवल्या गेल्या आणि त्यांपैकी 232, म्हणजे सुमारे 75 टक्के, केवळ एकाच चमूने नोंदवलेल्या होत्या. हर्टझम आणि याकोबसेन यांनी 2001 मध्ये दाखवले की, तीच पद्धत वापरणाऱ्या कोणत्याही दोन मूल्यमापकांमधील सरासरी एकवाक्यता अभ्यासागणिक 5 ते 65 टक्के इतकी बदलते. मूल्यमापक बदलला की अडचणींची यादी बदलते, हे एवढे स्पष्ट असताना आजही बहुतेक निबंधांत चाचणीचे ध्वनिचित्रमुद्रण किती जणांनी पाहिले, त्यांनी स्वतंत्रपणे नोंदी केल्या का, हे लिहिलेले नसते. आमच्या कामात वेळ नसतो, तरीही महत्त्वाच्या चाचणीला आम्ही निदान दोन निरीक्षक बसवतो. संशोधनाने त्याहून कमी दक्षता घ्यावी, हे मला मान्य होत नाही.

दूरचे_वाचक

येथे अजून न आलेला एक मुद्दा म्हणजे सहभागी कोण असतात हा. लिंक्सेन आणि सहकाऱ्यांनी 2016 ते 2020 या काळातील सीएचआय निबंध तपासून 2021 मध्ये दाखवले की, 73 टक्के निष्कर्ष पाश्चात्त्य देशांतील सहभागींवर आधारलेले होते, आणि त्या देशांत जगाची 12 टक्क्यांहूनही कमी लोकसंख्या राहते. वापरसुलभतेच्या व्याख्येतच ‘विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट उद्दिष्टे आणि विशिष्ट वापरसंदर्भ’ असे शब्द आहेत, त्यामुळे या विषयात ही उणीव इतर विषयांपेक्षा जास्त बोचते. लिहिण्याची दिशा, वाचनाची सवय, एकच फोन घरातील अनेकांनी वापरणे, अशा बाबी ज्या नमुन्यात कधी येतच नाहीत, त्या नमुन्यावरून काढलेले नियम सर्वांसाठी लागू केले जातात.

दूरस्थ चाचणीमुळे हे बदलायला हवे होते. कित्तूर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच मेकॅनिकल टर्कवर (लोकांना मोबदला देऊन छोटी कामे करून घेण्याच्या ऑनलाइन मंचावर) वापरकर्ता-अभ्यास कसे करावेत हे मांडले होते, आणि महासाथीच्या काळात तर प्रयोगशाळाच बंद झाल्या. 2020 ची होनोलुलू येथील सीएचआय परिषद प्रत्यक्ष भरलीच नाही. त्यानंतर पडदा सामायिक करून घेतलेल्या चाचण्यांचे निबंध सर्रास दिसू लागले. परंतु त्यासाठी सहभागीकडे चांगले इंटरनेट, शांत खोली आणि बहुधा इंग्रजी लागते, म्हणून भौगोलिक अंतर कमी झाले तरी सहभागींचा सामाजिक स्तर तोच राहिला, असे मला वाटते. फेरपडताळणीची स्थितीही आशादायक नाही. हॉर्नबेक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 891 अभ्यास तपासले, तेव्हा त्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांत आधीच्या निष्कर्षाची पुनरावृत्ती करण्याचा प्रयत्न होता.

नवअभ्यासक

हल्ली सहभागींच्या जागी भाषा-प्रारूपांकडून (मजकूर तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींकडून) उत्तरे घेतलेले निबंधही दिसतात. त्यांना वापरसुलभतेचे संशोधन म्हणायचे का?

निबंधपरीक्षक

या प्रश्नाचे उत्तर मी ठामपणे देईन. हामालायनेन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये सीएचआयमध्ये भाषा-प्रारूपांकडून प्रश्नावलीची कृत्रिम उत्तरे मिळवून त्यांचे परीक्षण केले होते, आणि ती माणसांच्या उत्तरांसारखी भासतात असे आढळले. प्रश्नावलीचा मसुदा आधी चाळून पाहण्यासाठी अशी उत्तरे उपयोगी पडू शकतात. पण कळफलकाखाली झाकलेले बटण प्रारूपाला अडवत नाही, कारण त्याला अंगठा नाही, चष्मा नाही आणि घाईही नाही. ज्या निबंधात एकही माणूस अडखळलेला नाही, त्याला चाचणी म्हणण्यास माझा विरोध राहील आणि परीक्षणातही मी तसेच लिहिते.

शोधयात्री

सर्वांचे आभार. मोजपट्टी यांच्या आक्षेपांनंतर माझे विधान मी अधिक नेमके करतो. ‘ठिकाण बदलले’ हे केवळ शीर्षके आणि कीवर्ड यांवरून सिद्ध होणार नाही, कारण शब्द बदलतात आणि नोंदीचे प्रकारही बदलतात. निबंधातील पद्धतीचा विभाग उघडून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. हॉर्नबेक यांनी 2006 मध्ये 180 अभ्यास अशाच रीतीने तपासले होते. तेव्हाच असे दिसले होते की, समाधान बहुधा संशोधकांनी स्वतःच बनवलेल्या प्रश्नावलींनी मोजले जाते, केलेल्या कामाची गुणवत्ता फारशी तपासली जात नाही, आणि शिकलेले काही काळाने लक्षात राहते का हे तर क्वचितच पाहिले जाते. पुढे 2011 मध्ये बार्गास-अविला आणि हॉर्नबेक यांनी वापरकर्त्याच्या अनुभवावरील 66 अभ्यास तपासले, तेथेही स्वतः बनवलेल्या प्रश्नावली होत्याच. म्हणजे विषयाचे नाव बदलले तरी मोजण्याची सवय कायम राहिली. तुलनेची शिस्त स्थलांतरात हरवली असे मी सुरुवातीला म्हटले होते. या दोन पाहण्या पाहता ती मूळ ठिकाणीही तितकीशी रुजलेली नव्हती, असेच म्हणावे लागते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. 2006 च्या पाहणीतील निकष जसेच्या तसे घेऊन अलीकडच्या निबंधांचे दोन संच वाचायचे, एक मानव-संगणक आंतरक्रियेच्या नियतकालिकांतून आणि दुसरा आरोग्यविषयक नियतकालिकांतून. प्रत्येक निबंध दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा आणि आपसातील एकवाक्यताही नोंदवायची.

मोजपट्टी

या कामात मी सहभागी होईन. निवड मात्र ‘युजेबिलिटी’ शब्दावरून न करता, नियतकालिकाच्या एका वर्षाच्या सर्व अंकांतून यादृच्छिकपणे करावी, नाहीतर जे तपासायचे आहे तेच आपण आधी गाळून टाकू.

निबंधपरीक्षक

आरोग्याचा संच मी वाचते. नोंदतक्त्यात आणखी दोन रकाने ठेवावेत असे सुचवते. चाचणी दुरुस्तीसाठी होती की निवाड्यासाठी हा पहिला, आणि सापडलेल्या अडचणींची यादी निबंधात किंवा पुरवणीत वाचकाला उपलब्ध आहे का हा दुसरा.

प्रत्यक्ष_चाचणी

तिसराही रकाना हवा: अडचणी दुरुस्त केल्यावर पुन्हा चाचणी घेतली का. दुसरा वाचक म्हणून माझे नाव आरोग्याच्या संचासाठी घ्या, म्हणजे परीक्षण करणारी व्यक्ती आणि चाचणी घेणारी व्यक्ती एकाच निबंधात काय वेगळे पाहतात तेही नोंदले जाईल.